फोटोत संशय, तुकड्यात साधी गाठ: खरं कोणाचं मानायचं?

तासगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आटोपशीर करून देते:

‘मॅडम, मी ३९ वर्षांची आहे, अंगणवाडीत काम करते. दिवाळीनंतर आंघोळ करताना उजव्या स्तनात वरच्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाकडे एक कडक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. सांगलीला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली. सोनोग्राफीच्या डॉक्टर आधी माझ्याशी बोलत होत्या, मग एकाच जागी मशीन फिरवत एकदम गप्प झाल्या. रिपोर्टवर “बायरॅड्स ४ सी” लिहिलं होतं. दिरांनी वाचून घरात सांगितलं, चौथी स्टेज आहे. त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

मग बायोप्सी झाली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, “ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, बिनाइन”. खाली “एस-१०० पॉझिटिव्ह” असंही लिहिलंय, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. सर्जन म्हणतात कॅन्सर नाही, पण गाठ काढून टाकू. दीर म्हणतात, दोनातला एक रिपोर्ट खोटा आहे, पुण्याला जाऊन पेट स्कॅन करू. सासूबाई म्हणतात, कॅन्सर नाही तर सुरी कशाला, आणि गाठीला सुई लावली तिथंच चुकलं, आता ती पसरणार. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिनं रात्री हळूच विचारलं, “आई, मलापण होणार का गं?” मला काहीच सांगता आलं नाही. खरं कोणाचं मानू?’

ताई,

आधी एवढंच वाचा: तुमचे दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. एकही खोटा नाही, कुणाच्या मशीनमध्ये बिघाड नाही आणि तुम्हाला कॅन्सर झालाय असं यातला कुठलाच कागद म्हणत नाही. आता पाणी प्या आणि बाकीचं निवांत वाचा. पत्र मोठं होणार आहे, कारण तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्याला मला उत्तर द्यायचंय.

सुरुवात त्या ‘४ सी’पासून करते. तुमच्या घरात सगळ्यात मोठा घाव त्यानेच घातला. बायरॅड्सचा चार आणि कॅन्सरची चौथी स्टेज यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. स्टेज ही कॅन्सर सिद्ध झाल्यावर तो किती पसरलाय ते सांगते. बायरॅड्स हा रोगाचा आकडा नाहीच, तो आम्हा रेडिओलॉजिस्टच्या, म्हणजे मॅमोग्राफी-सोनोग्राफी बघून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या, संशयाचा आकडा आहे. पूर्वी प्रत्येक डॉक्टर आपापल्या भाषेत रिपोर्ट लिहायचा. कुणी ‘संशयास्पद’ लिहायचा, कुणी ‘लक्ष ठेवावे’, आणि वाचणाऱ्या सर्जनला नेमकं काय करायचं ते कळायचं नाही. म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टच्या संस्थेनं, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं, १९९३ मध्ये ही आकड्यांची पद्धत आणली आणि पुढे ती जगभर पसरली. आज तिचे आकडे शून्य ते सहा आहेत. त्यात एक-दोन म्हणजे काळजी नाही. तीन म्हणजे बहुधा काहीच नाही, शंभरात दोनपेक्षा जास्त धोका नाही, थोड्या महिन्यांनी पुन्हा बघू. चार म्हणजे तुकडा काढून बघायलाच हवा. या चारचे पुन्हा ए, बी, सी असे तीन भाग. सी म्हणजे असं चित्र दिसणाऱ्या शंभर बायकांत पन्नासहून जास्त, पण पंचाण्णवहून कमी जणींत कॅन्सर निघतो.

हे वाक्य उलट्या बाजूनं वाचून बघा. शंभरातल्या निदान पाच तरी आणि कधीकधी पन्नासच्या जवळपास बायकांत कॅन्सर निघत नाही. त्यांच्या फोटोत चूक नसते, त्यांच्यासाठीही चित्र तेच असतं. तुम्ही त्या बायकांपैकी एक आहात. तुमच्या रेडिओलॉजिस्टनं ‘४ सी’ लिहिलं ते अगदी बरोबर केलं. मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

त्या गप्प का झाल्या, हेही सांगते, कारण पत्रातलं ते वाक्य मला लागलं. अंधारी खोली, अंगावर गार जेल, आणि बोलणारी बाई अचानक बोलेनाशी होते. त्या क्षणी आडवं पडलेल्या बाईच्या मनात काय चालतं ते मी जाणते, आणि तरी मीही तशीच गप्प होते. गाठ दिसली की तिची लांबी-रुंदी-खोली मोजायची असते, कड नीट दिसेपर्यंत प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा मशीनचा दांडा, वळवायचा असतो, रक्ताचा प्रवाह बघायचा असतो, काखेत गाठी आहेत का तेही बघायचं असतं. सगळं लक्ष पडद्यावर एकवटतं. त्या शांततेचा अर्थ ‘निकाल लागला’ असा नसतो. पण आम्ही दोन शब्द बोलून ते सांगायला हवं, ही आमची कसूर आहे. मी आता आधीच सांगून ठेवते, ‘मी मधे गप्प झाले तर मोजमाप घेतेय असं समजा.’

आता मुख्य प्रश्न. साधी गाठ कॅन्सरसारखी दिसलीच कशी?

तुम्ही शेतीच्या गावातल्या आहात, म्हणून शेतातलंच सांगते. स्तनातली नेहमीची साधी गाठ, जिला फायब्रोॲडेनोमा म्हणतात आणि जी तरुण मुलींमध्ये सर्रास आढळते, ती मातीतल्या गोट्यासारखी असते. कड गुळगुळीत, बोटानं ढकलली की सटकते. आजूबाजूच्या पेशींना ती बाजूला सारते, त्यांच्यात घुसत नाही. फोटोत ती गोल, रेखीव दिसते. कॅन्सरची गाठ ज्वारीच्या धसकटासारखी असते. उपटायला गेलं की मातीचं ढेकूळ घेऊन येते, कारण मुळ्या चारी बाजूंनी धरून बसलेल्या. फोटोत कडेवरून काट्यांसारख्या रेषा बाहेर जाताना दिसतात, आणि सोनोग्राफीत गाठीच्या मागं काळी सावली पडते, कारण आवाजाच्या लहरी त्या घट्ट भागातून पलीकडे जात नाहीत.

ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही जातीनं साधी (रिपोर्टमधलं ‘बिनाइन’ म्हणजे हेच), पण बांधणीनं धसकटासारखी असते. तिला स्वतःभोवती पिशवी नसते, आवरण नसतं. तिच्या पेशी शेजारच्या चरबीत आणि तंतूंमध्ये शिरत जातात, भोवती घट्ट दोरखंडासारखे तंतू तयार होतात. म्हणून ती हाताला कडक लागते, कधी वरची त्वचा किंचित आत ओढते, मॅमोग्राफीत काटेरी दिसते, सोनोग्राफीत मागं सावली टाकते. म्हणजे कॅन्सरची म्हणून आम्ही जी लक्षणं शिकलो, ती बरीचशी हजर. दर वेळी असंच असतं असंही नाही, काहीजणींत ती गोल आणि रेखीवही दिसते. पण तुमच्यात तिनं कॅन्सरचा वेश पुरता घेतला होता.

हा कदाचित कॅन्सर नसेल, अशी पाल फोटो बघताना दोन गोष्टींनी मात्र चुकचुकायला हवी. त्यातली एक तुमच्या पत्रात आहे, दुसरी रिपोर्टमध्ये असावी. पहिली, जागा. कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो तो स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात, कारण दुधाच्या ग्रंथी तिथं जास्त असतात. तुमची गाठ वर, पण आतल्या बाजूला, छातीच्या हाडाकडे आहे. ही गाठ मज्जातंतूंवरच्या वेष्टणातल्या पेशींपासून, म्हणजे श्वान पेशींपासून होते, आणि गळ्याकडून छातीवर उतरणाऱ्या मज्जातंतूंचा प्रदेश नेमका तोच आहे. दुसरी, चुन्याचे बारीक कण. कॅन्सरच्या बऱ्याच गाठींत मॅमोग्राफीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, या गाठीत ते सहसा नसतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द शोधा. बहुतेक त्याच्या आधी ‘नाही’ असं लिहिलेलं सापडेल. पण या दोन खुणांवरून कुणीही ‘कॅन्सर नाही’ असं म्हणू नये. आतल्या बाजूलाही कॅन्सर होतो, आणि चुन्याशिवायही होतो. खुणा शंका वाढवतात-घटवतात, निकाल देत नाहीत.

निकाल दिला तो तुकड्यानं. सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या सुईनं, सोनोग्राफीत बघत बघत, शेवईच्या काडीसारखे तीन-चार तुकडे काढले असतील. ते फॉर्मालिनमध्ये बुडवून, मेणात बसवून, केसाहून कितीतरी पातळ कापून काचेवर घेतले जातात. म्हणून आठ दिवस लागले, कुणी हयगय केली म्हणून नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीच्या पेशी मोठ्या, फिकट गुलाबी आणि रव्यासारख्या कणांनी भरलेल्या दिसतात. नावातलं ‘ग्रॅन्युलर’ म्हणजे हेच, रवाळ. रशियातले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे असे तुकडे तपासणारे डॉक्टर, ॲलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ मध्ये जिभेवरच्या अशा गाठी पहिल्यांदा नीट वर्णन केल्या. (१९२४ मध्ये लेनिन यांचं शवविच्छेदन करणारे तेच.) त्यांना वाटलं, या पेशी स्नायूंतून आल्या असाव्यात. पुढे कळलं की त्या मज्जातंतूंच्या वेष्टणातल्या आहेत. एवढ्या मोठ्या माणसाचाही अंदाज तिथं चुकला, कारण तेव्हा पेशींचं मूळ ओळखायची आजची रंगपरीक्षा नव्हती.

आणि त्याच रंगपरीक्षेनं तुमच्या पोटात गोळा आणला! ‘एस-१०० पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर पॉझिटिव्ह नव्हे, ताई. एस-१०० हे एक प्रथिन आहे, मज्जातंतूंच्या वेष्टणातल्या पेशींत ते असतं. ते सापडलं म्हणजे ‘ही पेशी त्या कुळातली आहे’ याचा पुरावा मिळाला. स्तनाचा कॅन्सर बहुतांश दुधाच्या नळ्यांच्या अस्तरातून येतो, त्याच्या पेशींत केराटिन नावाचं प्रथिन असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘सायटोकेराटिन निगेटिव्ह’ असं लिहिलेलं असेल तर कोडं दोन्ही बाजूंनी सुटलं. म्हणजे ज्या शब्दानं तुम्हाला घाबरवलं, तोच तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. हे दिरांनाही वाचून दाखवा.

आता जे सांगते ते तुमच्यासाठी आहेच, पण हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकीसाठीही आहे, आणि त्यासाठीच मी तुमचं पत्र निवडलं.

फोटो आणि तुकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले की ‘कोण खोटं’ असं विचारायचं नाही. ‘हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का?’ असं विचारायचं. तुमच्या बाबतीत उत्तर ‘हो’ आहे. काटेरी चित्र आणि ग्रॅन्युलर सेल ट्यूमर यांचं बरोबर जुळतं, ही गाठ तशी दिसू शकते हे आम्हा डॉक्टरांना माहीत आहे. पण समजा, त्याच ४ सी चित्राच्या बायोप्सीत ‘फक्त चरबी आणि तंतू, कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट आला असता, तर? नेहमीची चरबी आणि तंतू सहसा असे काटेरी दिसत नाहीत, अशी सावली टाकत नाहीत. मग ते जुळत नाही. बहुधा सुई गाठीच्या बाजूनं गेली. तिथं ‘कॅन्सर नाही’ वाचून पेढे वाटायचे नसतात, पुन्हा बायोप्सी करायची असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई आल्या होत्या, तुमच्याच वयाच्या. मी चित्रावरून दाट संशय लिहिला. दुसऱ्या ठिकाणी बायोप्सी झाली, रिपोर्ट आला ‘तंतुमय ऊती, कॅन्सर नाही’. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. माझा कागद एका फाइलमध्ये, पॅथॉलॉजीचा दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही समोरासमोर ठेवून कुणी बघितलेच नाहीत. मीही फोन करून विचारलं नाही की त्या गाठीचं काय निघालं. नऊ महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा काखेतली गाठ हाताला लागत होती. त्यांचा चेहरा मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. तेव्हापासून ज्या गाठीवर मी चार किंवा पाच लिहिते, तिचा बायोप्सी रिपोर्ट मी स्वतः मागवून बघते आणि खाली एक ओळ लिहिते: चित्राशी जुळतो किंवा जुळत नाही.

ती ओळ तुमच्याही रिपोर्टवर मागा. सर्जनना किंवा सोनोग्राफीच्या डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘हा बायोप्सीचा निकाल माझ्या फोटोशी जुळतो का, तेवढं लिहून द्या.’ यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

तरीही मनात खुटखुट असेल तर पुण्याला जाऊन पेट स्कॅन करण्यापेक्षा तुमच्या काचा आणि मेणाचे ठोकळे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. दुसरं मत घ्यायचं तर ते तिथंच, कारण निदान तिथं झालंय. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये बाहेरून आणलेल्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून मत देतात, मोठ्या शहरांतल्या कॅन्सर केंद्रांतही हे होतं. तुमच्या लॅबला अर्ज करा, ते देतात. तो तुमच्याच शरीराचा भाग आहे. फक्त एक काळजी घ्या. ब्लॉक मेणाचे असतात. एसटीच्या खिडकीत उन्हात ठेवू नका, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. छोट्या डब्यात कापसात गुंडाळून, पिशवीत आत ठेवा. दिल्या-घेतल्याची पावती सांभाळा. हा ठोकळा हरवला तर पुढे कुणाला काही तपासायला उरत नाही.

पेट स्कॅन का नको, तेही सांगते, कारण दीर तुमच्या भल्यासाठीच धडपडताहेत. पेट स्कॅन हा कॅन्सर आहे हे ठरल्यावर तो शरीरात कुठं कुठं गेलाय ते शोधण्यासाठी असतो. जास्त साखर खाणाऱ्या पेशी त्यात चमकतात. पण सूज चमकते, काही साध्या गाठी चमकतात, ही गाठही चमकू शकते. म्हणजे हजारो रुपये खर्चून हाती येईल ते आणखी एक भीतीदायक चित्र, आणि पुन्हा बायोप्सीपाशीच यावं लागेल. एमआरआयचंही तसंच. काही वेळा गाठ छातीच्या स्नायूपर्यंत गेलीय का हे बघायला सर्जन मागतात, तेव्हा करा. साधी की कॅन्सरची हे ठरवायला त्याचा इथं उपयोग नाही, कारण या गाठीचं एमआरआयमधलं रूपही दर वेळी वेगळं असतं.

सासूबाईंचं म्हणणं दोन भागांत आहे. सुई लावल्यानं गाठ पसरते ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिच्यापायी कितीतरी बायका बायोप्सी टाळून उशीर करतात. कॅन्सर असलेल्या बायकांतही सुईच्या तपासणीमुळे आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही. तुमची तर गाठच कॅन्सरची नाही. उलट या सुईनं तुमचं काय वाचवलं ते त्यांना सांगा. पूर्वी असल्या गाठी चित्रावरून, हातावरून, कधी ऑपरेशन चालू असताना घाईनं बघितलेल्या तुकड्यावरून कॅन्सर समजल्या गेल्या आणि बायकांचे अख्खे स्तन काढले गेले, असे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. दोन मिलिमीटरच्या सुईनं तुम्हाला त्यातून सोडवलं.

‘कॅन्सर नाही तर सुरी कशाला’ हा मात्र योग्य प्रश्न आहे, त्याचा मान ठेवून उत्तर देते. साधी फायब्रोॲडेनोमाची गाठ असती आणि वाढत नसती, तर मीही म्हटलं असतं, राहू द्या. ही गाठ वेगळी आहे. तिला आवरण नाही, ती हळूहळू आजूबाजूला शिरत जाते. आज छोटी असताना ती थोडक्यात निघते, पुढे त्वचेत किंवा खालच्या स्नायूत शिरली तर जास्त कापावं लागेल. शिवाय अशा गाठींतली अगदी क्वचित एखादी, शंभरात एक-दोनपेक्षा जास्त नाही, कॅन्सरच्या वळणाची निघते. शेवयांएवढ्या तुकड्यांवरून ते बहुतेक कळतं, पण पूर्ण गाठ बघितल्यावर खात्री होते. म्हणून सर्जनचा सल्ला बरोबर आहे. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड एवढंच काढायचं. स्तन काढायचा नाही. काखेतल्या ग्रंथी काढायची गरज नाही. केमो नाही, शेक म्हणजे रेडिएशन नाही, कॅन्सरनंतर देतात ती पाच वर्षांची गोळीही नाही. कुणी यातलं काही सुचवलं तर ‘का?’ असं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑपरेशनच्या आधी एक छोटं काम घरी करा. आरशासमोर जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, आणि अंगावर कुठं त्वचेखाली कडक, न दुखणारी गुठळी आहे का ते चाचपा. ही गाठ शरीरात सर्वांत जास्त जिभेवर आणि त्वचेत होते, स्तनात क्वचित. काही जणींना एकाहून जास्त ठिकाणी असते. सापडली तर घाबरायचं नाही, सर्जनना दाखवायची.

दुर्मिळ साध्या गाठींचं हे एकच कुळ नाही. काही अशा असतात की फोटोच पुरेसा असतो, सुई लागतच नाही. हॅमार्टोमा नावाच्या गाठीत चरबी आणि ग्रंथी दोन्ही असतात, ती मॅमोग्राफीत स्तनाच्या आत छोटा स्तन ठेवल्यासारखी दिसते. चरबी फोटोत काळसर उमटते, आणि गाठीत स्पष्ट चरबी दिसली की आम्ही निर्धास्तपणे दोन लिहितो. याच्या अगदी उलट फायलोड्स. ती फोटोत इतकी गुळगुळीत आणि सालस दिसते की फायब्रोॲडेनोमाच वाटावी, पण काही महिन्यांत भराभर वाढते. तिच्यातल्या बऱ्याच साध्याच असतात, तरी नीट कड ठेवून काढल्या नाहीत तर पुन्हा येतात. म्हणून कुठल्याही बाईची ‘साधी’ गाठ चार-सहा महिन्यांत ठळकपणे मोठी झाली, तर जुन्या रिपोर्टच्या भरवशावर बसू नये. आणि बरीच वर्षं इन्सुलिनवर असलेल्या बायकांत मधुमेहामुळेच स्तनात दगडासारखी कडक जागा तयार होऊ शकते. ती सोनोग्राफीत इतकी गडद सावली टाकते की बघणाऱ्याचाही श्वास थांबतो, आणि ती गाठ कॅन्सरची नसते. पण हेसुद्धा तुकड्यानंच कळतं. तपासायला जाताना मधुमेह आहे, पूर्वी मार लागला होता, बाळ अंगावर पीत होतं, हे सगळं आम्हाला सांगत जा. अर्जावरच्या त्या ओळी कोऱ्या सोडू नका, चित्राचा अर्थ लावताना आम्हाला त्यांचा फार आधार होतो.

राहिली तुमची लेक. तिला आज रात्रीच सांगा की ही गाठ आईकडून मुलीकडे येणारी नाही. एकाच माणसाला लहानपणापासून अशा पुष्कळ गाठी असणं हा एक वेगळा, फार विरळ प्रकार आहे, तुमची तशी गोष्ट नाही. तिची आत्ता कसलीही तपासणी नको, मॅमोग्राफी तर नकोच. चौदाव्या वर्षी एखाद्या बाजूला जरा जास्त वाढ, पाळीच्या आधी दुखणं, हे वयाचंच असतं. पण तिनं विचारलं हे फार चांगलं झालं. तिला ‘काही नाही गं, झोप’ म्हणून परतवू नका. गाठ कशी सापडली, कुठं गेलात, काय निघालं, सगळं सरळ शब्दांत सांगा. ती मोठी झाल्यावर तिच्या हाताला काही लागलं, तर ती पहिल्यांदा तुमच्याकडेच येईल.

आणि तुमच्यासाठी: या गाठीमुळे पुढे स्तनाचा कॅन्सर होतो असं नाही. पण ही झाली म्हणून कॅन्सरपासून सूटही मिळत नाही, बाकीच्या बायकांएवढी काळजी तुम्हालाही घ्यायचीच आहे. ऑपरेशनच्या जागी व्रण राहतो, आणि व्रणही फोटोत काटेरी दिसतो! म्हणून सर्जन सांगतील तेव्हा, बहुधा सहा महिने ते वर्षभराने, एकदा नव्याने फोटो काढून घ्या. पुढच्या प्रत्येक वेळी तुलना त्याच्याशी होईल.

ऑपरेशननंतर पूर्ण गाठीचा मोठा रिपोर्ट हातात आला की त्यात ‘मार्जिन’ (काढलेल्या भागाची कड) हा शब्द शोधा. त्यापुढे ‘फ्री’ किंवा ‘निगेटिव्ह’ असेल तर गाठ पुरती निघाली. ‘इन्व्हॉल्व्हड’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ असेल तर घाबरू नका, पण सर्जनना त्याच दिवशी दाखवा, कारण राहिलेल्या कडेतून ती पुन्हा वाढू शकते आणि बहुधा थोडा भाग आणखी काढावा लागतो. मग मॅमोग्राफीच्या फिल्म, सोनोग्राफी, बायोप्सी आणि हा शेवटचा, असे चारही कागद एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला. वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, उजवी बाजू’, आणि ऑपरेशनची तारीख. दहा वर्षांनी कुठल्या तरी नव्या गावातली एखादी डॉक्टर तुमच्या छातीवर प्रोब ठेवून गप्प होईल, तेव्हा ती फाइल तिच्या हातात द्या.